रियाधच्या दालनात पोलादपूरचा बांबू का नसावा?

सौदी अरेबियातील रियाध शहरात 1 ऑक्टोबर 2030 ते 31 मार्च 2031 या काळात जागतिक प्रदर्शन, म्हणजेच एक्स्पो, भरणार आहे. अशा प्रदर्शनात देशोदेशींची दालने उभी राहतात आणि हल्ली बहुतेकांचे आराखडे 'निसर्गापासून प्रेरणा' घेतात. याच्याशी महाड-पोलादपूरच्या कारागिराचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, पण प्रेरणा कशाला म्हणायचे ते आधी ठरवले पाहिजे.

लोखंडी सांगाड्यावर पत्रा ठोकून फूल किंवा पान उभे करणे ही झाली आकाराची नक्कल. त्यात आमच्या सुताराला आणि वखारवाल्याला रोजी नाही. दुसरी प्रेरणा मालाची. आपल्या मातीत जे उगवते त्याचा गुण ओळखून त्यातूनच इमारत उभी करायची. हुन्नराला खरी किंमत येते ती येथे.

याचे दाखले आहेत. 2010 साली शांघायच्या एक्स्पोत भारताच्या दालनावर बांबूचा प्रचंड घुमट होता. त्याचा आकार सांचीच्या स्तूपावरून घेतला होता. 2025 साली जपानमधील ओसाका येथे संयुक्त अरब अमिरातीने 16 मीटरपर्यंत उंचीचे 90 खांब उभे केले, तेही खजुरीच्या झावळ्यांच्या दांड्यांनी. बागेतून छाटून टाकलेला तो माल! आखातात राहून आलेल्या आमच्या बंधूंना तशा झावळ्यांच्या जुन्या झोपड्या ठाऊक असतील. बहरीनने तेथेच गलबत बांधणाऱ्यांचे कसब वापरून सुमारे 3,000 लाकडी तुकड्यांचे दालन रचले.

आमच्या डोंगरउतारांवर बांबूची बेटे आहेत. वनक्षेत्राबाहेरचा बांबू 2017 च्या कायदादुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. मुंबई-गोवा महामार्ग दारातून जातो, न्हावाशेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे. तरीही आमचा बांबू टोपली, परांची आणि मंडपापलीकडे जात नाही. कारण कोवळा-जून एकत्र तोडला जातो, जाडी-लांबी सारखी नसते आणि वर्षभरात भुंगा लागतो. असा माल कोणताही वास्तुविशारद डोक्यावर छत म्हणून घेणार नाही.

उपाय अवघड नाहीत. तीन-चार वर्षांचा पक्का बांबूच तोडावा. प्रत्येक कोंबावर वर्षाची खूण करावी. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवावा. जाडीप्रमाणे प्रत लावावी. एकट्याला हौद परवडत नसेल तर दहा जणांनी मिळून बांधावा. सिंधुदुर्गात कुडाळ येथे कॉनबॅक ही संस्था बांबूच्या बांधकामाचे काम करते. तेथे आमच्या तरुणांनी जाऊन पाहावे. सुतार आणि टोपली-चटई विणणारे 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत बसतात, त्यांनी नाव नोंदवावे.

रियाधचे काम मिळेलच असे आम्ही म्हणत नाही. पण अशी मोठी कामे तयार मालाच्या शोधात निघतात, कच्च्या मालाच्या नव्हे. मुरवलेला, प्रत लावलेला बांबू रियाधला गेला नाही तरी मुंबई-पुण्यातील हॉटेले आणि बंगले त्याला गिऱ्हाईक आहेत. आज फुटलेला कोंब पक्का व्हायला तीन-चार वर्षे लागतात. म्हणून खूण करण्याचे काम याच पावसाळ्यात सुरू झाले पाहिजे.