सूत्रधाराचा हक्क

टेबलाभोवती बसून खेळावयाचे ‘रोलप्लेइंग’ खेळ आता आपल्याकडील सुशिक्षित घरांतही परिचित होऊ लागले आहेत. एकाने कथेचे सूत्र धरावे, इतरांनी एकेक पात्र घेऊन त्याच्या मुखाने बोलावे आणि यशापयशाची शंका येईल तेथे फासे टाकावेत, असे त्यांचे स्वरूप. या खेळांसाठी खेळणाऱ्यांनी घरी रचलेली कथानके, राक्षस आणि नियम म्हणजे कच्चा, हौशी माल होय. अस्सल ते छापील ग्रंथातले, असे कित्येक रसिक मोठ्या ठामपणे सांगतात. हे मत आम्हांस सर्वस्वी चुकीचे वाटते. आणि सांगली-सातारा प्रांती तरी ते कोणी उच्चारू नये.

१८४३ साली श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा नटांच्या हाती संवादांची वही नव्हती. सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे आपली गद्य भाषणे प्रसंग पाहून तेथल्या तेथे जुळवीत. पुढे विद्वानांनी राक्षसांच्या आरोळीवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणविले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले आणि ‘बुकिश’ नाटकांचे युग आले. त्या युगाचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु हरिपूरच्या देवलांनी आणि सांगलीच्या खाडिलकरांनी ज्या रंगभूमीसाठी लिहिले, ती आधी या बिनवहीच्या नटांनी उभी केली होती, हे विसरून कसे चालेल? पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. तमाशाच्या वगातही कथानक ठरलेले, पण सोंगाड्याची बोली फडावर उमललेली असे.

खुद्द या परदेशी खेळाचा जन्म तरी कोठे झाला? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने छापला गेला. पण त्याच्या आधी काही वर्षे आर्नेसन घराच्या तळघरात मित्रांना जमवून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या स्वकल्पित प्रदेशात खेळवीत होते. ग्रंथ मागाहून आला. घरचा खेळ आधीचा. ग्रंथ निघाल्यावरही रचना थांबली नाही. १९७५ पासून ली गोल्ड या बाईंनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ या नियतकालिकात खेळणाऱ्यांचेच लेख आणि नवे नियम एकत्र बांधण्यास आरंभ केला.

प्रतिपक्ष म्हणेल, घरगुती रचना बहुधा सुमार असते. असते, हे मान्य. छापील तरी सगळी कोठे उत्तम असते? भेद इतकाच की, घरच्या रचनेतील चूक समोर बसलेले चार मित्र त्याच संध्याकाळी दाखवितात आणि पुढच्या बैठकीत ती दुरुस्त होते. छापील चूक मात्र पुढील आवृत्तीची वाट पाहते.

दुसरा आक्षेप मालकीचा. दुसऱ्याचा मजकूर उचलून आपल्या नावावर छापणे ही चोरीच. तिची वकिली आम्ही करणार नाही. पण कल्पनेवर स्वामित्व नसते, तिच्या विशिष्ट मांडणीवर असते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. आणि मालकाच्या मर्जीवर विसंबणे किती धोक्याचे, ते जानेवारी २०२३ मध्ये दिसले. २००० सालापासून मोकळ्या परवान्याखाली असंख्य लहान रचनाकार या खेळासाठी लिहीत होते. मालक कंपनीने तो परवाना रद्द करून साडेसात लाख डॉलरांवरील उत्पन्नात वाटा मागणारा नवा मसुदा सिद्ध केला. तो फुटला, खेळणाऱ्यांनी गहजब केला, आणि महिना संपण्यापूर्वीच कंपनीला माघार घेऊन मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली सर्वांस खुले करावे लागले. ग्रंथाला घरच्या रचनेची किती गरज आहे, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

आमची खरी तक्रार मात्र कंपनीविरुद्ध नाही, आपल्याविरुद्ध आहे. आपली मुले खेळू लागली की विकतचा ड्रॅगन आणि विकतचा किल्ला घेतात. ड्रॅगनशी आमचे वैर नाही. पण कृष्णेच्या डोहात काय दडले असेल, अजिंक्यताऱ्यावर अमावास्येला कोण पहारा देत असेल, गावकुसाबाहेरचा वेताळ कोणत्या बोलीवर वाट सोडील, हे प्रश्न त्यांना कोणी विचारू दिलेच नाहीत. दिवाळीत हीच मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात, तेव्हा एकाचा किल्ला दुसऱ्यासारखा नसतो आणि त्याला कोणी कच्चा माल म्हणत नाही. तीच मोकळीक टेबलावर का नसावी?

पालकांनी ग्रंथ अवश्य विकत आणावा. मात्र त्याच्याशेजारी एक कोरी वहीही ठेवावी, आणि मुलाने तीत काही लिहिले तर ‘हे पुस्तकात कोठे आहे?’ असे विचारू नये.