बॅरिस्टरीचा खर्च

बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले हे सगळ्यांना ठाऊक असते. पैसे कुठून आले, हे फारसे कोणी विचारत नाही. 1913 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची, अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानाच्या नोकरीचा करार. तिथल्या कोलंबिया विद्यापीठानंतर 1916 साली बॅरिस्टरीसाठी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला, कमी पडले ते नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. शिष्यवृत्ती, देणगी, कर्ज, शिवाय पोटाला चिमटा! आज शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती देते, हे छानच. पण इथेच वकील व्हायचे तर राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांना दहा लाखांहून अधिक लागतात, आणि बहुतेकांच्या वाट्याला बँकेचे कर्जच येते. हप्ता सुरू होतो शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने. व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढते. त्या वर्षभरात नवा वकील कुणा ज्येष्ठाच्या फायली वाहत हातखर्चावर राबत असतो. हप्ता डोक्यावर असलेली हुशार पोरगी मग तालुका कोर्टाकडे फिरकत नाही, सरळ कंपन्यांची कामे घेणाऱ्या मोठ्या फर्मचा रस्ता धरते. तिला नावे ठेवणाऱ्यांनी आधी तिचे कर्जखाते पाहावे.