गृहिणींशीं हितगुज : सहा डझनांचा हिशेब

साताऱ्याच्या एका भगिनींचें पत्र आलें आहे. घर मोठें, दोन दीर, तीन जावा, सासूबाई हयात, आणि धाकटी सून मुलाबरोबर अमेरिकेंत ओहायो राज्यांत. या सुनेस तेथील शेजारणीनें नाताळपूर्वीं होणाऱ्या ‘कुकी एक्स्चेंज’चें आमंत्रण दिलें आहे. सहा डझन कुकीज करून न्यावयाच्या आणि सहा डझन घेऊन यावयाच्या. यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई म्हणतात, ज्यांच्याकडे अंडें चालतें त्यांच्या घरचें एवढें घेऊन पोर करणार काय? धाकट्या जाऊबाई म्हणतात, शेजारीण आपुलकीनें बोलावते तर न जाणें हा उद्धटपणा. पत्र लिहिणाऱ्या भगिनी दोघींच्या मध्यें सांपडल्या आहेत, आणि त्या विचारतात कीं, हा प्रकार तरी काय, आणि सुनेला लिहावें काय?

जिच्या घरचें कोणीच परदेशीं नाहीं अशी भगिनी आतां आपल्या वाचकवर्गांत थोडीच सांपडेल. म्हणून उत्तर टपालानें न धाडतां येथेंच लिहितें.

कुकी म्हणजे आपण ज्याला गोड बिस्किट म्हणतों तें. शब्द मूळचा डच. आजचें न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांच्या हातीं होतें. लहानशा केकला ते ‘कूक्ये’ म्हणत, तो शब्द अमेरिकेंत रुजला. इंग्लंडांत मात्र बिस्किटच राहिलें. १७९६ सालीं हार्टफर्ड येथें अमेलिया सिमन्स नांवाच्या बाईचें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें गेलें. अमेरिकेच्याच माणसानें लिहून अमेरिकेंत छापलेलें तें पहिलें पाकपुस्तक समजतात, आणि बाईनें मुखपृष्ठावर स्वतःस ‘अमेरिकन अनाथ’ म्हणवून घेतलें आहे. त्यांत नाताळच्या कुकीची कृति आहे, आणि तींत पडतात काय, तर धने! तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, आणि चहाचा पेला भरून धन्याची पूड. वर बाई सांगतात कीं, या कुकीज प्रथम कडक लागतात. पण मातीच्या भांड्यांत घालून दमट जागीं ठेवल्या तर सहा महिन्यांनीं अधिक नरम व चांगल्या होतात. चकलीच्या डब्याचें झाकण उघडें टाकणाऱ्या मुलींच्या हातीं हें पुस्तक न पडो.

पुढें त्या देशांत माणसें ठिकठिकाणांहून येऊन वसलीं, आणि प्रत्येकीनें आपल्या आईच्या हातची नाताळची कुकी बरोबर आणली. जर्मन घरांत साच्यानें चित्र उमटविलेली ‘श्प्रिंगर्ले’. नॉर्वेकडच्या घरांत लोखंडी साच्यावर भाजून गुंडाळलेली, पापडासारखी पातळ ‘क्रुमकाके’. इटालियन घरांत नक्षीची ‘पित्सेल्ले’. न्यू मेक्सिको राज्यानें तर १९८९ सालीं कायदा करून ‘बिस्कोचितो’ ही आपली अधिकृत कुकी ठरविली. तींत दालचिनी असते, बडीशेपेसारख्या वासाचें ॲनीस असतें, आणि परंपरेनें डुकराची चरबी असते. हें शेवटचें वाक्य सासूबाईंनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

अदलाबदलीची रीत अशी. यजमानीण तीन-चार आठवडे आधीं आमंत्रणें धाडते. बारा जणी आहेत असें धरूं. प्रत्येकीनें एकाच प्रकारच्या सहा डझन, म्हणजे बहात्तर कुकीज आणावयाच्या. स्वतःस धरून बारा जणींना सहा-सहा. परततांना डब्यांत बहात्तरच असतात, पण प्रकार बारा! श्रम एका पदार्थाचे आणि घरीं येतात बारा. तेथेंच चहाकॉफीबरोबर चाखण्यासाठीं डझनभर निराळ्या न्याव्या लागतात. कोण काय करणार हें यजमानिणीस आधीं कळवावयाचें, नाहीं तर चौघीजणी चॉकलेटच्याच घेऊन येतात. विकतच्या चालत नाहींत. कृति कागदावर लिहून बरोबर न्यावी, आणि रिकामा डबा ज्याचा त्यानें आणावा.

हा हिशेब आपल्यापैकीं पुष्कळांना रुक्ष वाटेल. मोजून द्यावयाचें, मोजून घ्यावयाचें, यांत स्नेह तो कसला! मला तसें वाटत नाहीं. आंकडा ठरलेला असला कीं नवखीला धीर येतो. जिला त्या गांवांत येऊन सहा महिनेच झाले, कोणाच्या घरीं किती न्यावें आणि काय नेलें असतां हसें होईल हें जिला ठाऊक नाहीं, तिला बहात्तर हा आंकडा म्हणजे मोठा आधार आहे. आपल्याकडे नियम नाहींत असें आपण अभिमानानें म्हणतों. नियम आहेत, ते कोणी सांगत नाहीं एवढेंच, आणि ते मोडल्यावर मात्र सर्वांना कळतें. अमक्यांकडून बेसनाचे पांच लाडू आले आणि आपण चारच पाठविले; तमक्यांच्या चकलीला कांटाच नाहीं; त्यांचें ताट रिकामें परत आलें, चिमूटभर साखरसुद्धां नाहीं. नव्या सुनेनें ही संहिता कोणत्या ग्रंथांत वाचावी?

यजमानपण पुढच्या वर्षीं या सुनेकडेहि येईल, म्हणून दोन शब्द. लांब टेबल, त्यावर कागद, प्रत्येक ताटापुढें नांवाची चिठ्ठी, एवढी मांडणी पुरते. मऊ व कुरकुरीत कुकीज एका डब्यांत कधीं भरूं देऊं नयेत; मऊचा ओलावा कुरकुरीतांत शिरतो आणि दोन्ही बिघडतात. पेपरमिंट ज्यांत असेल त्या तर अगदीं निराळ्या, कारण एका रात्रींत सबंध डब्याला दांत घासण्याच्या पेस्टचा वास लागतो. आणि बारा प्रकारचें गोड चाखल्यावर जिभेला तिखटमीठ हवेंसें होतें. तेथें मराठी यजमानिणीनें पातळ पोह्यांचा चिवडा ठेवावा. मग कोणत्या ताटाभोंवतीं गर्दी होते तें पाहावें.

आतां अंड्याचा प्रश्न. सुनेनें जावें. परंतु आमंत्रण स्वीकारतांनाच यजमानिणीस स्पष्ट कळवावें कीं, आमच्याकडे अंडें व प्राण्यांची चरबी चालत नाहीं. ऐन वेळीं टेबलापाशीं प्रत्येक ताटावर नाक मुरडण्यापेक्षां आधीं दोन ओळी लिहिणें अधिक सभ्यपणाचें. हल्लीं तिकडे कोणाला दाणे-अक्रोड बाधतात, कोणाला गहूं चालत नाहीं. त्यामुळें कुकींत काय काय घातलें आहे तें चिठ्ठीवर लिहिण्याची विनंति कोणाला विचित्र वाटत नाहीं. त्या चिठ्ठींत चार गोष्टी पाहाव्या. अंडें, लार्ड, म्हणजे वर सांगितलेली डुकराची चरबी, जिलेटिन, जें मार्शमॅलो नांवाच्या पांढऱ्या मऊ मिठाईंत बहुधा असतेंच, आणि रम, कारण कांहीं जणी ती घालून लाडवासारखे गोळे वळतात. एवढें गाळून बारांपैकीं तीन-चार तरी उरतील. स्कॉटलंडकडचें शॉर्टब्रेड त्यांत बहुधा असतें; पीठ, लोणी आणि साखर यांपलीकडे त्यांत फारसें कांहीं नसतें.

उरलेल्या आठांचें काय करावें? घेऊं नयेत. ‘माझ्या वांट्याच्या या तुम्हीच वांटून घ्या,’ असें हंसून सांगावें, म्हणजे झालें. संकोचानें सगळ्या घेऊन यावयाच्या आणि मग केराच्या पेटींत टाकावयाच्या, हें मात्र करूं नये. त्यांत अन्नाचा अपमान आहे आणि त्या बायांच्या श्रमांचाहि. सासूबाईंना माझी नम्र विनंति अशी कीं, सुनेनें पाहून, वाचून, विचारून जें नाकारलें त्यांत तिचा आचार राहिलाच आहे. घरीं बसून राहिल्यानें तो अधिक राहिला असता असें नाहीं. शेजारीण मात्र गेली असती.

या निमित्तानें आपल्या दिवाळीच्या फराळाकडे पाहावेंसें वाटतें. एका आळींतील आठ घरें घ्या. आठहि घरीं बेसनाचे लाडू, चकल्या, करंज्या, शेव, चिवडा, शंकरपाळे आणि कोठें कोठें अनरसे. आठ घरच्या सुना आठवडाभर कढईपुढें. आणि मग लाडू देऊन लाडू घ्यावयाचे, चकली देऊन चकली. प्रत्येक घरच्या हाताची चव निराळी, हें मला मान्य आहे, आणि ती चव घेण्यासाठींच आपण ताटें फिरवितों. परंतु चवीसाठीं सातहि पदार्थ सात दिवस तळलेच पाहिजेत असें कोठें आहे? ज्या मोठ्या कुटुंबाच्या आतां चार-पांच चुली झाल्या आहेत, त्यांनीं एकेक पदार्थ एकेका घरानें सर्वांसाठीं करण्याची वांटणी करून पाहावी. ज्या घरचा ज्या पदार्थांत हात बसलेला तें काम त्या घरीं. चिवडा व शेव वजनानें, लाडू-करंज्या नगानें.

यांत एक अडचण आहे ती मोकळेपणीं सांगते. कुकीजच्या टेबलावर डझन म्हणजे डझन; एकीनें रात्रभर जागून रंगीत साखरेची नक्षी काढली आणि दुसरीनें चमच्यानें पीठ टाकून तासाभरांत भाजून आणलें, तरी वांटा सारखाच. तेथें नाताळापुरतें तें चालतें. आपल्याकडे जावांजावांत तें चालणार नाहीं. अनरशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावें लागतें, आणि तळतांना जाळी पडेल कीं अनरसा तुपांत विरघळेल याचा नेम नाहीं. शेव सोऱ्यांत घातली कीं सुटते. सुक्या मेव्याच्या करंजीचा खर्च आणि शंकरपाळ्यांचा खर्च एक नव्हे. म्हणून सामानाचा खर्च एकत्र करून सारखा वांटावा, आणि अवघड पदार्थ दरवर्षीं एकाच घरच्या माथीं मारूं नये. अंगावर पितें मूल असलेल्या मुलीला चिवड्याचें काम द्यावें.

मात्र त्या टेबलाचा हिशेब एका ठिकाणीं आपल्याला पुरणार नाहीं. ज्या घरांत वर्षाच्या आंत कोणी गेलें, त्या घरीं पहिल्या दिवाळींत तळण करीत नाहींत. आप्त आणि शेजारी तेथें ताटें नेऊन देतात, आणि तीं भरून परत यावींत अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाहीं. मुलें असतात त्या घरीं. त्यांना दुखवटा किती कळणार? त्यांच्या पुढ्यांत चकली पडते ती याच रीतीमुळें. अदलाबदलीचा नियम म्हणतो, जिनें आणलें तिनें न्यावें. अमेरिकेंतील बायाहि घरीं परतल्यावर आपल्या डझनांतून ताटें भरून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, शेजाऱ्यांना देतात, हें खरें. पण तें मागाहून, आपापल्या वांट्यांतून. आपण वांटणीची यादी करूं त्या दिवशींच हीं घरें तींत पाहिजेत. कारण यादी नेहमीं करणाऱ्यांची होते. ज्याच्या घरीं यंदां कांहींच होणार नाहीं, त्याचें नांव तींत कोण घालणार? म्हणून प्रथम त्या घरांचे लाडू, चकल्या मोजून बाजूस काढण्याचें ठरवावें. प्रत्येक घराचे नग त्या मानानें वाढवावे. आणि मग उरलेल्यांत वांटे पाडावे. आजारी माणूस असलेलें घर, घरापासून दूर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, हेहि त्यांतच. तेथें मुलांना ताट घेऊन धाडूं नये, घरांतल्या मोठ्या बाईनें स्वतः जावें आणि घटकाभर बसावें.

राहतां राहिलें, सुनेनें न्यावें काय. नानकटाई न्यावी. तींत अंडें नाहीं, ती आठ दिवस सहज टिकते, आणि वेलदोड्या-जायफळाचा वास त्या टेबलावर दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता कमी. शिवाय कुकीचें आणि हिचें गोत्र एकच असावें. सुरतेस डचांची वखार होती. त्यांच्या भट्टींत काम करणाऱ्या एका पारशानें ती भट्टी पुढें चालविली व तींतून नानकटाई निघाली, अशी कथा तिकडे सांगतात. शेजारणींना ती सांगावयास बरी आहे.

सात डझनांचें प्रमाण देतें. सहा वांटण्यासाठीं, एक चाखण्यासाठीं. मैदा ७०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, पिठीसाखर ४२० ग्रॅम, तूप ४५० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, वेलदोड्यांची पूड दोन चमचे, अर्धें जायफळ, चिमूटभर मीठ. तेथें लोण्याच्या ११३ ग्रॅमांच्या कांड्या मिळतात. बिनमिठाच्या पांच कांड्या कढविल्या कीं एवढें तूप निघतें. तूप थिजलेलें घेऊन साखरेबरोबर हातानें पांढरें होईपर्यंत फेसावें, मग चाळलेलें पीठ मिसळावें. मळूं नये, नुसतें गोळा करावें. सुपारीपेक्षां जरा मोठे गोळे करून किंचित् दाबावे व अंतरावर ठेवावे. भट्टी ३२५ अंश फॅरनहाइटवर आधीं तापवून अठरा ते वीस मिनिटें. वरून पांढऱ्याच दिसल्या पाहिजेत, तळाशीं बदामी रंग आला कीं काढाव्या. गरम असतांना उचलूं नयेत, हातांत मोडतात. पूर्ण निवाल्यावर पसरट डब्यांत प्रत्येक थरामध्यें कागद घालून भराव्या, आणि मोटारींत तो डबा मागच्या बैठकीवर न ठेवतां मांडीवर घ्यावा.