दोन धातूंचा संसार

दिवाळी अंकात धातूवर लिहायचे तर सोन्यावर लिहावे, असा शिरस्ता आहे. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक. सोन्याशी माझा संबंध अलंकारशास्त्रापुरता. शिवाय मी राहतो कळव्याला. पारसिकच्या डोंगराला टेकलेल्या या गावाची गेल्या शतकातली ओळख सोन्याने नव्हे, कारखान्यांनी झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मुकंद कंपनीने मिश्रपोलाद ओतले, फिलिप्सच्या कारखान्यात विजेचे दिवे तयार झाले. जुन्या दिव्याच्या पोटात जी बारीक तार तापून पांढरी होई, ती टंगस्टनची. म्हणून यंदा टंगस्टन, आणि त्याच्या जोडीला पॅलेडियम.

सवयीप्रमाणे आधी शब्दांकडे वळतो. टंगस्टन हा शब्द स्वीडिश, अर्थ ‘जड दगड’. जर्मन माणूस त्यालाच वोल्फ्राम म्हणतो. कथिल गाळताना हे खनिज कथिल गिळून बसे, तेव्हा वैतागलेल्या खाणकामगारांनी त्याला लांडग्याचे नाव दिले! ऑस्मियमचे डोके आणि वोल्फ्रामची शेपटी जोडून दिव्यांच्या एका प्रसिद्ध कंपनीने ‘ओस्राम’ हे नाव घेतले. आमच्या व्याकरणात हा समास कोणता, हे मी अजून ठरवलेले नाही.

पॅलेडियमच्या जन्माची कथा तर एखाद्या फार्सात शोभावी अशी. लंडनच्या वोलास्टन नावाच्या शास्त्रज्ञाला हा धातू सापडला, पण त्याने तसे कुणाला सांगितले नाही. १८०३ साली एका दुकानात ‘नवे रुपे’ म्हणून तो निनावी विकायला ठेवला. चेनेविक्स नावाच्या रसायनज्ञाने मोठ्या थाटात जाहीर केले की, हा नवा धातू नव्हेच, प्लॅटिनम आणि पारा यांची ही भेसळ आहे. त्यावर निनावी गृहस्थाने, असा धातू कुणी बनवून दाखवल्यास वीस पौंडांचे बक्षीस लावले. ते कुणालाच मिळाले नाही. १८०५ साली वोलास्टन पुढे आला आणि ‘तो मीच’ म्हणाला. चेनेविक्सच्या घरी त्या रात्री जेवण गोड लागले नसावे.

आता दोघांचे स्वभाव पाहा. टंगस्टन म्हणजे जमदग्नी: ३,४२२ अंश सेल्सियसला वितळणारा, वजनाला जवळजवळ सोन्याइतका भारी. (म्हणूनच सोन्याच्या विटेच्या पोटात टंगस्टन दडवणारे महाभाग जगात निघाले. वजनाने ते पकडता येत नाहीत. विटेतून ध्वनिलहरी सोडून पाहावे लागते.) पण साध्या तपमानाला हा ठिसूळ. त्याची तार काढण्याची युक्ती अमेरिकेत कूलिजने साधली, १९१०च्या सुमारास. पॅलेडियम मात्र मऊ, पांढरा, मनमिळाऊ. १,५५५ अंशांना वितळतो आणि स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट हायड्रोजन पिऊन बसतो. पेट्रोलच्या मोटारीचा धूर निवळणाऱ्या डब्यात तोच असतो. १९९५ साली आपल्या चार महानगरांतल्या नव्या मोटारींना तो डबा सक्तीचा झाला.

या दोघांचे जमते कसे, हे मला माझ्या भाचीने समजावले. ती पुण्यात धातुशास्त्र शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. एका संगणक कंपनीची नोकरी तिच्या हातात आहे. तिला मात्र ती सोडून मिश्रधातूंवर संशोधन करायचे आहे. “तुझं ऐकते ती. दोन शब्द समजावून सांग,” असा ताईचा हुकूम होता. कोजागिरीला ती घरी आली आणि समजावून घ्यायची पाळी माझ्यावर आली.

“मामा, टंगस्टनची भुकटी दाबून भट्टीत भाजतात. एकजीव व्हायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. त्यात अगदी चिमूटभर पॅलेडियम घाल, शेकडा अर्ध्याच्या आसपास. अकराशे-बाराशे अंशांतच कण एकमेकांना धरतात.”

“म्हणजे पॅलेडियम मध्यस्थ?”

“हो, पण मध्यस्थ सांध्यात राहून जातो. सांधा कच्चा राहतो, माल ठिसूळ होतो. ते कसं टाळायचं, हाच तर अभ्यास!”

उलट, पॅलेडियममध्ये थोडे टंगस्टन विरघळवले की मऊ पॅलेडियम कणखर होतो, त्याचा विद्युतरोध वाढतो. त्याचा थोरला भाऊ प्लॅटिनम तर याच नात्याने इस्पितळात पोचला आहे. शेकडा आठ भाग टंगस्टन मिसळलेल्या प्लॅटिनमची केसासारखी तार मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीत वेटोळे करून भरतात. क्ष-किरणांत ती स्पष्ट दिसते आणि आतला रक्ताचा वेढा थांबवते.

“पण साधं मिश्रण वेगळं आणि धातू-धातूंचं संयुग वेगळं,” असे म्हणून तिने फराळाचे ताट पुढे ओढले. मिश्रण म्हणजे चिवडा. दाणा कुठेही पडला तरी चालतो. संयुग म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक अणूची जागा ठरलेली, प्रमाण ठरलेले. या शिस्तीमुळे ते उष्णतेत टिकते, पण वाकत नाही, मोडते. टिटॅनियम आणि अल्युमिनियम यांच्या अशा संयुगाला माणसाळवायला कैक वर्षे लागली, तेव्हा कुठे त्याची पाती विमानाच्या इंजिनात बसली. पॅलेडियम-टंगस्टनची जोडी अजून प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून फार पुढे आलेली नाही. पॅलेडियम महाग, २०१९च्या सुमारास तर तो सोन्यालाही मागे टाकून गेला होता. रशिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्याकडेच त्याचा मोठा साठा. टंगस्टनची मक्तेदारी चीनकडे.

मग आपले काय, हा प्रश्न मी विचारलाच. राजस्थानातल्या डेगान्याची टंगस्टनची खाण बंद पडून तीन दशके झाली. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचे खनिज आहे, भूवैज्ञानिकांनी ते तपासले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत टंगस्टनही आहे आणि पॅलेडियमचे घराणेही. यादी झाली, पण खडकातून धातू काढून त्याला वळण लावणारी माणसे लागतात, आणि ती कळव्याच्या कारखान्यांतून केव्हाच निवृत्त झाली. आमच्या चाळीतले एक आजोबा दिव्याच्या तारेवर नुसती फुंकर घालून तिचा दोष सांगत. त्यांच्यामागे ती विद्या कुणी घेतली नाही.

ताईला मी फोनवर हे सगळे सांगितले. चिवडा, रांगोळी, कुही-खोबना, काही वगळले नाही. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “तुला समजवायला पाठवलं होतं, की शिकायला?” भाची भाऊबीजेला आईकडे जाणार आहे. नोकरीला होकार कळवायची मुदत त्याच्या दुसऱ्या दिवशी संपते.