‘ते बंद करून टाक!’

संगणक अडला की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालताना अडला, तर सर्वांचा सल्ला एकच: “सिक्युअर बूट बंद करून टाक!” ते काय असते, असे विचारले की मात्र सगळे गप्प. मला हा सल्ला मान्य नाही. एकदा तो पाळला, म्हणूनच मान्य नाही.

माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याने वापरलेला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११ त्यावर चालेना, तेव्हा उबुंटू घालायचे ठरवले. मित्राकडे २०२२ सालच्या उबुंटूचा पेनड्राइव्ह होता. तो लावताच पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे उमटले आणि यंत्र बंद! दुकानदाराने नेहमीचा मंत्र दिला. मी तो पाळला. उबुंटू सुरू झाले खरे. पण विंडोजकडे परतलो तर त्याने ४८ आकडी किल्ली मागितली. परीक्षा तोंडावर, वर्षभराची टिपणे आत. घरी विचारावे असे कोणी नाही. मला दरदरून घाम फुटला.

त्या रात्री वाचत बसलो तेव्हा कुठे उलगडा झाला. सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा पहारेकरी. यंत्र सुरू होताना जो पहिला कार्यक्रम आत येऊ पाहतो, त्याच्यावर ओळखीच्या किल्लीची सही आहे की नाही, हे तो पाहतो. माझ्या पेनड्राइव्हवर सही होती; पण त्यातल्या जुन्या बूटलोडरमध्ये दोष सापडल्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये तसल्या आवृत्त्यांचा परवाना काढून घेतला गेला होता. म्हणजे पहारेकऱ्याचे बरोबर होते, माझा पास शिळा होता! आणि पहारेकरीच हटवलेला पाहून विंडोजने आपली तिजोरी लावून घेतली. सिक्युअर बूट पुन्हा चालू करताच ती निमूटपणे उघडली. आधी ती ४८ आकडी किल्ली वहीत उतरवली, मग टिपणांची प्रत काढली. उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती आणली. ती काहीही बंद न करता बसली.

आमचे काही मित्र म्हणतात, हा पहारेकरी एका बड्या कंपनीचा नोकर आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्याच किल्ल्या असतात आणि उबुंटूसारख्यांनाही ‘शिम’ नावाच्या छोट्या कार्यक्रमावर तिचीच सही घ्यावी लागते. हे मलाही खुपते. पण म्हणून दार सताड उघडे टाकायचे? शिममध्येच मालकाला स्वतःची किल्ली नोंदवण्याची सोय आहे. बाहेरचे ड्रायव्हर घेताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. आपली मंडळी तिथे घाईने ‘कंटिन्यू’ दाबतात, मग वायफाय चालत नाही म्हणून कपाळाला हात लावतात आणि पुन्हा तोच मंत्र!

परवा वसतिगृहात एकजण असाच आला. “आधी पडद्यावरचे वाच,” मी म्हणालो. ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ होते. त्याने ती प्रत कुठून आणली, हे त्यालाही धड सांगता येईना.