रशियन शिकताय? मग मराठी विसरू नका!

'नवी भाषा शिकायची तर मातृभाषा डोक्यातून काढून टाका' असा सल्ला देणाऱ्याला एकदा रशियन विभक्त्या चालवायला बसवलं पाहिजे.

मी हा सल्ला दोन वर्षं इमानेइतबारे पाळला. बिशानहून ऑफिसला जाताना मेट्रोत रोज ॲप, वर त्याच्या शाबासक्या. आणि शेजाऱ्यांकडे राहायला आलेल्या कझानच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या की माझी दातखीळ! पहिले सहा महिने गाडी सुसाट होती, नंतर जागची हलेना. वय झालं म्हणून सोडणारच होतो.

मग ट्यूब पेटली. मी मराठी विसरून रशियन शिकत नव्हतो, इंग्रजीतून शिकत होतो. ॲप इंग्रजी, व्याकरणाचं पुस्तक इंग्रजी. सल्ला देणाऱ्यांना हे दिसतच नाही.

इंग्रजीत 'विथ' एकच. म्हणून सुरीने ब्रेड कापला हे सांगताना मी 'स नझोम' म्हणायचो. म्हणजे 'सुरी घेऊन'! नुसतं 'नझोम' पुरतं, कारण ती आपली तृतीया: सुरीने. शाळेत 'ने, ए, शी' घोकलं ते काय फक्त मार्कांसाठी? 'म्न्ये खोलदना' म्हणजे शब्दशः 'मला थंड', आपलं 'मला थंडी वाजते'. ओन प्रिशोल, अना प्रिश्ला: तो आला, ती आली. तीन लिंगं दोन्हीकडे. ज्या क्रियापदांच्या जोड्यांनी मला रडवलं, त्यात 'चिताल' म्हणजे 'वाचत होतो' आणि 'प्रचिताल' म्हणजे 'वाचून काढलं'. इंग्रजीत दोन्हीला 'रेड' चालून जातं, मग फरक कळणार कसा?

सगळंच जुळतं असं नाही. पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांना रशियनमध्ये वेगवेगळी क्रियापदं आहेत. शनिवारी पुण्याला जाणार हे मी आजींना पायी जाण्याच्या क्रियापदाने सांगितलं. 'पेश्कोम?' म्हणजे 'पायी?' असं विचारून त्या पाचव्या मजल्यापासून तळापर्यंत हसत होत्या. सिंगापूरहून पायी पुणं वारकऱ्यांनाही झेपणार नाही!

(आमच्या बिशानचंच बघा. मूळ कँटोनीज नाव 'पेक सान'. चिनी अक्षरं तीच, वाचन फक्त मँडरिन.)

आता ॲप बंद. द्रागून्स्कीच्या 'देनिसच्या गोष्टी' अनिल हवालदारांनी सोव्हिएत काळात मराठीत आणल्या. मराठी परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटून तो रशियनमध्ये लिहायचा आणि मूळ रशियनशी ताडून बघायचा. पहिल्या पानावर सतरा चुका, परवा नऊ. एवढ्या चुका ॲपने मला कधी दाखवल्याच नव्हत्या, नुसती शाबासकी!

काल लिफ्टमध्ये आजींनी विचारलं, बाहेर पाऊस आहे का? रशियनमध्ये पाऊस 'पडत' नाही, 'चालतो', आणि तोही पायी जाण्याच्याच क्रियापदाने. मी म्हणालो, 'इद्योत'. आजी म्हणाल्या, 'पेश्कोम?'