कोंबडीचा बाजार आणि सर्वांचे आरोग्य

सण असो वा पाहुणा येवो, आमच्या बेटावरील पुष्कळ घरांत कोंबडी शिजते. परंतु जिवंत कोंबड्यांच्या बाजारात ठिकठिकाणचे पक्षी एकत्र येतात, तसे त्यांचे रोगही एकत्र येतात. हा धडा हाँगकाँगला १९९७ साली फार मोठी किंमत देऊन मिळाला.

त्या वर्षी मे महिन्यात तेथे तीन वर्षांचा एक बालक दगावला. त्याला झालेला एच५एन१ हा विषाणू मूळचा पक्ष्यांचा. वर्षअखेरपर्यंत १८ माणसांना त्याची लागण झाली. त्यांपैकी ६ जण मृत्यू पावले. बाजारातील कोंबड्या तपासल्या तेव्हा सुमारे पाचांतील एकीत विषाणू सापडला. अखेर सरकारने १३ लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या.

त्यानंतर मात्र तेथे पहारा सैल झाला नाही. पिंजरे, पिण्याचे पाणी आणि विष्ठा यांचे नमुने नियमित तपासले जाऊ लागले. बदके व हंस बाजारातून वेगळे काढले. २००१ पासून दरमहा एक दिवस बाजार रिकामा करून धुण्याचा नियम झाला. २००२ मध्ये लाव्यांची विक्री थांबली आणि २००८ पासून जिवंत कोंबडी बाजारात रात्री ठेवण्यास बंदी आली.

कोणी म्हणेल, कोंबडी धडधाकट दिसते, मग तपासणी कशाला? २०१३ साली चीनमध्ये एच७एन९ विषाणूने माणसे दगावली, पण तो बाळगणाऱ्या कोंबड्या निरोगीच दिसत होत्या. अशा वेळी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. नमुनाच खरे सांगतो.

विक्रेत्याला मात्र तपासनीस म्हणजे पोटावर पाय देणारा वाटतो. हे भय खोटे नाही. पक्षी मारले आणि मोबदला मिळाला नाही, तर पुढच्या वेळी आजारी कोंबड्या घाईने विकल्या जातील आणि रोग गावोगाव पसरेल. हाँगकाँगने नुकसानभरपाई दिली होती. म्हणून आमचे मत असे की, तपासणी आणि भरपाई ही जोडीनेच चालली पाहिजेत.

वाचक बंधुभगिनींनो, आपलेही कर्तव्य आहे. कोंबड्या अकस्मात मरू लागल्या तर त्या विकू नका, खाऊ नका, पशुवैद्यास कळवा. कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि मांस पूर्ण शिजवा. माणूस आजारी पडल्यावर जागे होण्यापेक्षा कोंबडीच्या पिंजऱ्यापाशी जागे राहणे केव्हाही स्वस्त पडते.